तीन बॅटऱ्यांवरचे आकडे

हे मी आजवर कुणापुढंच काढलेलं नाही. बायकोपुढं नाही, भावापुढं नाही, दुकानात रोज चहाला जमणाऱ्या टोळक्यापुढं तर नाहीच नाही. तसा मी फटकळ माणूस. कुणाचं काही चुकलं की तिथल्या तिथं तोंडावर बोलून मोकळा. बायको म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी हसतो. सहा वर्षं झाली — एवढी मोठी गोष्ट गिळून बसलोय, आणि ती तिच्या मांडीला मांडी लावून जेवताना सुद्धा माझ्याबरोबर असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला जमेल असं वाटतंय. बघू.

माझं दुकान राजारामपुरीत, मागच्या गल्लीत. बॅटऱ्यांचं. नव्या नव्हे, जुन्या. बँका, एटीएम, मोबाईलचे टॉवर — यांच्या यूपीएसमध्ये सीलबंद बॅटऱ्या असतात, पाणी घालावं लागत नाही अशा. ठरलेली वर्षं भरली की त्या सरसकट काढून टाकतात, चांगली-वाईट कोण बघतंय! लोक त्याला भंगार म्हणतात. अरे, रिटायर झालेला माणूस भंगार असतो का? त्यातल्या निम्म्या अजून चार वर्षं घरचा इन्व्हर्टर ओढतील अशा असतात. फक्त कुठल्या निम्म्या, ते शोधावं लागतं. ते शोधणं हाच माझा धंदा.

आणि ते बाहेरून कळत नाही, हे आधी समजून घ्या. संपलेली बॅटरीसुद्धा चार्जिंग करून मीटर टेकवला की बारा-साडेबारा व्होल्ट दाखवते. पाहुणे आल्यावर द्वाड पोरगं कसं शहाण्यासारखं बसतं, तशी. खरं रूप दिसतं ते लोड टाकल्यावर. आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास नुसती ठेवायची, मग तिच्यावर गाडीच्या हेडलाईटचे बल्ब जोडायचे आणि घड्याळ बघत बसायचं. व्होल्ट साडेदहावर उतरले की बल्ब काढायचे. किती वेळ टिकली तो आकडा पांढऱ्या मार्करनं बॅटरीच्या डोक्यावर लिहायचा — तीन तास पन्नास मिनिटं असतील तर ३.५०. खाली माझी सही. मोठ्या बॅटरीला चार-चार तास जातात. बाकीचे लोक मीटर टेकवतात आणि विकतात. मी तसं करत नव्हतो. 'मेस्त्रीचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ', असं लोक म्हणायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

संपत माझ्याकडं आला तो त्या नावावरच. आजऱ्याचा माणूस, दुधाचा टँकर चालवायचा. त्याची आई, पारूआक्का, तीस वर्षं काजूच्या भट्टीवर राबलेली. त्या धुरानं छाती पार निकामी झाली होती. डॉक्टरांनी घरात ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं होतं, नाकात नळी दिवसरात्र. नळी निघाली की म्हातारीची नखं निळी पडायची. मशीन चालतं विजेवर, आणि त्या बाजूला वारं जरा जोरात सुटलं की वीज गेलीच.

"मेस्त्री, नव्या बॅटऱ्या झेपत न्हाईत मला," संपत म्हणाला. "पर आईचा जीव हाय. खात्रीचं द्या. खात्रीचंच पायजे."

मी म्हणालो, "चार मोठ्या देतो. पाच तास मशीन चालंल. लिहून घे माझ्याकडनं."

एका बँकेतून निघालेल्या चार बॅटऱ्या माझ्याकडं होत्या, एकाच लॉटच्या. शनिवारी बसवायला येतो म्हणून शब्द दिला. शुक्रवारी सकाळी पहिली लोडवर टाकली. तीन तास पन्नास मिनिटं. झकास! उरल्या तीन. म्हणजे अजून बारा तास, एकापाठोपाठ एक. शनिवारी हातात द्यायच्या तर दुपारपासून उशिरापर्यंत घड्याळासमोर बसणं आलं.

आणि त्या दुपारी स्टेडियमवर आमच्या पेठेच्या संघाची फायनल होती.

तुम्ही कोल्हापूरचे नसाल तर हसाल. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठेची फायनल असली की आजारी माणूस खाटेवरनं उठतो. मी शाळेत असल्यापासून एकही चुकवली नव्हती. तर — एवढ्यासाठी. घरात कुणी आजारी नव्हतं, दुकानात अडचण नव्हती. 'संपतराव, शनिवारचं सोमवारी करू' असा एक फोन केला असता तर तो बरं म्हणाला असता. तो फोनही मी केला नाही. का नाही केला? शब्द मोडला असं कुणी म्हणू नये म्हणून. बघा, माझी अब्रू कुठं आडवी आली ती.

तिन्ही बॅटऱ्यांना मीटर टेकवला. व्होल्ट उत्तम. एका बँकेच्या, एका वयाच्या, सख्ख्या बहिणी — वेगळ्या कशाला निघतील? असं मनाशी म्हणालो आणि मार्कर उचलला.

इथं जरा थांबतो. कारण जे सांगायचंय ते इथं आहे.

तिन्हींवर ३.५० असं लिहिलं असतं, तर तुम्ही म्हणाला असता, आळस केला मेस्त्रीनं. पण मी काय केलं? उरलेल्या तिघींतल्या पहिलीवर लिहिलं ३.४०. मग हात थांबला, विचार केला. दुसरीवर ३.५५. तिसरीवर ३.४५. सगळीकडं एकच आकडा दिसला तर कुणाला तरी शंका येईल — म्हणून वेगवेगळे. आळशी माणूस असं करतो का? आळशी माणसाला एवढं सुचत नाही. हे लबाडाचं काम. तिन्हींखाली सही ठोकली, गळ्यात संघाचा रुमाल बांधला आणि शटर ओढून निघालो. मॅच आम्ही जिंकलो. मी नाचलोसुद्धा.

शनिवारी आजऱ्याला गेलो. संपतची बायको रेखा, चटपटीत पोरगी. वायर कुठली, फ्यूज कुठला, लाल दिवा लागला तर काय करायचं, सगळं खोदून खोदून विचारत होती. पारूआक्का खाटेवर बसून बघत होती. म्हणाली, "काय रं मेस्त्री, माझा दम आता तुझ्या ह्या डब्यांत व्हय?" आणि स्वतःच हसली, आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. रेखानं तिची पाठ चोळली. रेखा सासूला आत्ती म्हणायची. दोघींचं चांगलं होतं, ते बघणाऱ्याला कळायचं.

"दादा, मशीनसंगं आनि काय लावलं तर चालंल?" रेखानं विचारलं.

मी बॅटऱ्यांच्या डोक्यावर थाप मारली. "कायबी लावा वैनी. टीव्ही, मिक्सर, फ्रीज. हत्ती बांधला तरी हलायच्या न्हाईत. आकडं बघा की!"

कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता, अडीअडचणीला भाड्यानं आणून ठेवलेला. मी म्हणालो, "हे धूड आता कशाला अडवून ठेवलंय? देऊन टाका परत." त्यांनी त्याच आठवड्यात देऊन टाकला. माझ्या आकड्यावर भरवसा ठेवून.

दोन महिने काही झालं नाही. लाईट जायची ती पाच-दहा मिनिटं. मीही विसरून गेलो — खरंच विसरलो. खोटं पचतं, सांगतो तुम्हाला. पहिले दोन दिवस जड जातं, मग काही वाटत नाही.

मग एके दिवशी सकाळी अकराला तिकडं वाऱ्यानं झाड तारांवर पडलं. हे सगळं नंतर कळलं. मला कळलं ते पावणेबाराला, फोन वाजला तेव्हा.

"दादा, इन्व्हर्टर वरडाय लागलाय. लाल लाईट लागलीया."

"लाईट कवा गेली?"

"आकराला."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पंचेचाळीस मिनिटं. पाच तास नव्हे. त्याच क्षणी मला कळलं, बरं का. नंतर नाही, विचार करून नाही. ते तीन आकडे डोळ्यांसमोर आले, माझ्याच अक्षरातले.  आणि त्या वेळी माझ्या तोंडातनं पहिलं वाक्य काय निघालं असेल? आक्काला उचला? गाडी बघा? छे.

"वैनी, मशीनसोडून आणि काय लावलतं?"

"आत्तींची पेज बारीक केली मिक्सरात. दोनच मिनिटं, दादा."

बुडत्याला काडी मिळाली. "आवो, मग! पेशंटचं मशीन चालू असताना मिक्सर लावतात व्हय? डोकं हाय का न्हाय?" असा ओरडलो की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर येऊन बघायला लागला.  तिकडून एक लांब शिट्टी ऐकू आली — मशीन बंद पडल्याची. आणि तिच्या मागं पारूआक्काचा घरघर आवाज. मग मी म्हणालो, गाडी बघा, दवाखान्यात हलवा. म्हणालो, पण नंतर म्हणालो. आधी स्वतःला सोडवून घेतलं. त्यात मिनिट गेलं असेल. जास्तही गेलं असेल. तिनं फोन चालूच ठेवून पळ काढला, शेजाऱ्यांना हाका मारताना ऐकू येत होती, मग फोन तुटला.

बारा वाजता फोन लावला, उचलला नाही. सव्वाबाराला लावला. साडेबाराला. एक गिऱ्हाईक आलं, त्याच्यावर विनाकारण खेकसलो. बायकोनं डबा पाठवला होता, तो उघडला नाही. सिलिंडर असता तर? तो तर मीच परत द्यायला लावला. मी देवाला काय म्हणत होतो सांगू? म्हातारी वाचू दे, असं म्हणत होतो. पण का वाचू दे? तिच्यासाठी का माझ्यासाठी? खरं सांगायचं तर माझ्यासाठी.

दोनला संपतचा फोन आला. टँकर वाटेत लावून तो गडहिंग्लजच्या दवाखान्यात पोचला होता. शेजारच्या टेम्पोतनं रेखानं सासूला मांडीवर घेऊन आणलं होतं. "आई हाय," तो म्हणाला, "पर बोलत न्हाय, मेस्त्री. डोळं बी उघडत न्हाय."

आजऱ्यात लाईट साडेतीनला आली. अकरा ते साडेतीन, साडेचार तास. मी सांगितलेले पाच तास पुरले असते.

चौथ्या दिवशी पारूआक्का गेली.

ती दवाखान्यात असतानाच मी आजऱ्याला जाऊन त्या चार बॅटऱ्या काढून आणल्या, 'तपासतो' म्हणून. संपतला तेवढं भान कुठलं. आता मात्र शटर अर्धं ओढून चारही एकेक करून लोडवर टाकल्या, जे आधी करायचं होतं ते. खरी टेस्ट घेतलेली पहिली, तिनं पावणेचार तास घेतले. ३.४५ लिहिलेली तीन तास दहा मिनिटं. ३.५५ वाली पंचवीस मिनिटांत बसली. आणि ३.४० वाली — अठरा मिनिटं. घड्याळासमोर बसून मी ती अठरा मिनिटं बघितली. दोन बॅटऱ्या आतून पोकळ होत्या, आणि जोडीतली एक बसली की दुसरीलाही घेऊन बसते. मग थिनरचा बोळा घेतला आणि चारही आकडे पुसून टाकले. सह्यासुद्धा.

मिक्सरचा हिशोबही सांगून टाकतो, म्हणजे तुमच्या मनात काही राहायला नको. दोन मिनिटं मिक्सर फिरवला, तर तेवढ्या विजेवर ते मशीन फार तर तीन मिनिटं जादा चाललं असतं. तीन मिनिटं! माझ्या धंद्यात नवीन आलेलं पोरही तोंडी सांगेल हे. मी त्या फोनवर ओरडत होतो तेव्हाही मला माहीत होतं.

दहाव्याला गेलो. बरोबर चार चांगल्या बॅटऱ्या नेल्या, एकूण एक तपासलेल्या, फुकट. सगळं घर भरलेलं होतं. लोक म्हणाले, मेस्त्री देवमाणूस हाय, आजकाल कोण करतंय एवढं. मी मान खाली घातली, आणि त्यांना वाटलं हा विनय आहे.

संपतनं सगळ्यांसमोर विचारलं, "मेस्त्री, खरं सांगा. बॅटऱ्या का बसल्या?"

 रेखा चहाचं ताट घेऊन दारात उभी होती. बोलायची ही जागा होती की नव्हती? याहून सरळ प्रश्न माणसाला आयुष्यात कुणी विचारत नाही. एकच वाक्य — मी तपासल्या नव्हत्या. जीभ उचलली असती तर झालं असतं. सगळी माणसं माझ्याकडं बघत होती, माझ्या आकड्याला मान देणारी माणसं. मी म्हणालो, "बॅटऱ्या चांगल्या होत्या. मिक्सरचा लोड बसला अचानक."

"पर दादा," रेखा म्हणाली, हळूच, "तुम्हीच म्हणालता की मिक्सर—"

"गमतीनं म्हणालो आसंन वैनी," मी मध्येच तोडलं. "पण आपल्याला कळायला नको व्हय? जीवाची गोष्ट हाय."

संपतची बहीण भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "दोन मिंटं पाट्यावर वाटली आसती पेज, तर हात झडलं आसतं का गं तुझं?"  रेखानं ताट खाली ठेवलं आणि पहिला कप माझ्या हातात दिला. तिनं माझ्याकडं बघितलं, पण त्या बघण्यात राग नव्हता. तिला माझं खरं वाटलं होतं. तेच मला आजपर्यंत सोसत नाही — तिनं विश्वास ठेवला. मी चहा प्यालो. कप संपवला.

पुढं संपत तिच्याशी वर्षभर धड बोलला नाही. नणंदेनं माहेर सोडलं, सणालाही येत नाही. गल्लीतल्या बायका तिच्या माघारी 'मिक्सरवाली' म्हणतात, हे मला संपतनंच सांगितलं, आणि सांगताना तो हसला नाही. ती मिक्सर कुणाला तरी देऊन टाकून मोकळी झाली. चटणी, मसाला, पोरीच्या डब्याचं वाटण, सगळं पाट्यावर वाटते. गेल्या दिवाळीत बॅटऱ्या बघायला गेलो होतो तेव्हा तिचे हात बघितले. मी बोललो नाही. कितीदा म्हणून बोललो नाही ते विचारू नका. दरवेळी आजरा सोडताना वाटतं, पुढच्या खेपेला. पुढची खेप येते, चहा येतो, मी पितो, गाडीला किक मारतो.

इकडं दुकान जोरात आहे. त्या दिवसानंतर मी एकही बॅटरी न तपासता दिलेली नाही, पण ते सांगून काय उपयोग. माझं नाव अजून तसंच आहे. फरक पडला तो तिच्या नावात.

परवा संध्याकाळी तिचा फोन आला. लाईट गेली की ती मला फोन करते. सहा वर्षं करते. काहीही लावायचं असलं की आधी मला विचारते, नवऱ्याला नाही.

"दादा, लाईट गेलीया," ती म्हणाली. "पोरगीची परीक्षा हाय. अभ्यासाला बल्ब लावला तर चालंल न्हवं?"

नऊ वॅटचा बल्ब. त्या बॅटऱ्यांवर आठवडाभर जळला असता.

मी म्हणालो, "लावा वैनी. पण एकच लावा."